परवान्याचा गांजा : दुकान, चिलीम आणि उंबरठा

१

पुणे शहराच्या सर्वांत जुन्या वस्तीत, म्हणजे कसबा पेठेत, धंदा आणि जागा यांचा संबंध नावांतच मुरलेला आहे. तांबट आळी, कुंभारवाडा, कुंभार वेस, व्यवहार आळी ही नावे उच्चारली की कोणता माल कोठे मिळेल हे निराळे सांगावे लागत नसे. 'कसबा' आणि 'कसब' हे दोन शब्द येथे एकत्र आल्यासारखे वाटतात. परंतु त्यांची मुळे भिन्न आहेत. वस्तीवाचक 'कसबा' अरबी 'क़सबा'पासून आला, तर कौशल्यवाचक 'कसब' हा अरबी 'कस्ब', म्हणजे कमाई, या शब्दापासून आला. मराठीने 'क़' आणि 'क' यांतील भेद राखला नाही आणि हे दोन शब्द सारख्याच उच्चाराचे झाले. तरीही या ध्वनिसाम्याला कसबा पेठेच्या रचनेने जणू अर्थ प्राप्त करून दिला, कारण तेथे कसब हे वस्तीचे नाव बनले होते.

अशा वस्तीच्या पार्श्वभूमीवर एका विशिष्ट व्यवहाराचा विचार करणे उद्बोधक ठरते. हा व्यवहार म्हणजे सरकारी कागदावाचून ज्याला दुकानात स्थान नव्हते त्या गांजाची विक्री. आज कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात प्रौढ नागरिक गांजाचा अर्क आणि तो वाफेच्या रूपाने ओढण्याचे विद्युत उपकरण, म्हणजे व्हेपोरायझर, परवानाधारक विक्रेत्याकडून घरपोच मागवू शकतो. कसबा पेठेतील रहिवाशाला हाच व्यवहार करता येत नाही. मात्र दीडशे वर्षांपूर्वी पुणे ज्या मुंबई इलाख्यात होते तेथे गांजा परवान्याने विकला जात होता, आणि तो ओढण्याच्या उपकरणावर कोणताही परवाना नव्हता. ही परिस्थिती कशी उलटली, आणि 'परवाना' या शब्दाने ह्या उलटापालटीवर कसे पांघरूण घातले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या व्यवहाराची मराठी परिभाषा जवळजवळ सर्वस्वी राज्यकारभारातून आलेली आहे. फारसीत 'आब' म्हणजे पाणी. त्यावरून 'आबकारी' अथवा 'अबकारी' म्हणजे मद्य तयार करण्याचे काम, आणि पुढे त्यावरील कर. गांजा, भांग आणि चरस यांत मद्याचा अंश नाही. तथापि महसुलाच्या सोयीसाठी तेही या 'पाण्याच्या' खात्यात घातले गेले. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा या तिन्ही पदार्थांना मादक औषधी द्रव्यांच्या व्याख्येत घेतो. एखादा पदार्थ कोणत्या खात्याखाली येतो यावरून त्याचे स्वरूप ठरल्यासारखे वाटू लागते, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

'मक्ता', 'इजारा' आणि 'गुत्ता' हे तीन शब्द सरकारचा हक्क ठरावीक रकमेस दुसऱ्याकडे सोपविण्याचे वाचक होत. त्यांपैकी 'गुत्ता' हा कन्नड 'गुत्तिगे' व तेलुगू 'गुत्त' यांच्या परिवारातील शब्द आहे. मराठवाड्यात 'गुत्तेदार' म्हणजे कंत्राटदार हा अर्थ अजून जिवंत आहे. पुण्याकडील मराठीत मात्र 'गुत्ता' म्हणजे दारू मिळण्याचे ठिकाण. करार मागे पडला आणि जागा उरली. हिंदीतील 'ठेका' या शब्दाचेही नेमके असेच झाले. दोन निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या मुळांच्या शब्दांना एकच वळण लागले, याअर्थी त्यामागे भाषिक अपघात नसून व्यवहारातील वस्तुस्थिती आहे असे मानणे भाग पडते. ती वस्तुस्थिती अशी की मादक पदार्थांच्या विक्रीचा हक्क सामान्य माणसाला कागदाच्या रूपात कधीच दिसला नाही. तो त्याला दुकानाच्या रूपात दिसला.

'परवाना' हा शब्द याला अपवाद आहे. फारसीत त्याचा अर्थ लेखी हुकूम असा होतो. मराठीने त्यापासून 'परवानगी' घेतली आणि दोहोंत एक सूक्ष्म भेद राखला. परवानगी तोंडी देता येते, ती वडीलधाऱ्यांकडूनही घेता येते. परवाना मात्र लेखीच असतो आणि तो सत्तेकडूनच मिळतो. गुत्त्याची जागा झाली, परवान्याचा कागद मात्र कागदच राहिला. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

१८७८ च्या कायद्याखालील व्यवस्थेत गांजाच्या प्रवासाच्या प्रत्येक टप्प्यावर कागद होता. लागवडीस परवाना, मालाच्या वाहतुकीस पास, घाऊक व्यापारास परवाना आणि किरकोळ विक्रीस परवाना. किरकोळ विक्रीचा हक्क लिलावाने दिला जाई. मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हे होते. मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालमध्ये नौगाव ही त्याच तोडीची केंद्रे होती. गिऱ्हाइकाने एका वेळी किती माल जवळ बाळगावा यालाही मर्यादा असे.

या साखळीतील शेवटचा दुवा विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. किरकोळ परवाना हा व्यक्तीइतकाच जागेला बांधलेला होता. विक्री नेमलेल्या दुकानातच व्हावी अशी त्यातील अट होती. १८७७ साली हिंदुस्थानच्या टपालखात्याने मूल्यदेय टपालाची पद्धत सुरू केली, आणि पुण्या-मुंबईचे पुस्तकविक्रेते व औषधविक्रेते 'व्ही. पी.ने' माल घरपोच पाठवू लागले. म्हणजे घरपोच व्यवहाराचे साधन अबकारी कायद्याच्या आधी एक वर्ष उपलब्ध झाले होते. गांजाचा किरकोळ व्यापार त्या वाटेने गेला नाही. त्याला दुकानाच्या उंबरठ्याशीच थांबविण्यात आले. त्यामुळे गिऱ्हाइकाला पेठेच्या डोळ्यांदेखत दुकानात जावे लागे. लोकलज्जा हा या व्यवस्थेतील एक अलिखित निर्बंध होता आणि सरकारला त्यासाठी एक पैही खर्च करावी लागत नव्हती. मात्र हा निर्बंध सर्वांवर सारखा नव्हता. गोसाव्याला किंवा हमालाला तो फारसा जाचत नसे. प्रतिष्ठित घरातील पुरुषाला तो जाचे, आणि स्त्रीला तर तो जवळजवळ संपूर्ण बंदीसारखा होता.

४

२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नामुळे हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी एक चौकशी-मंडळ नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, आणि मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर एच. टी. ओमॅनी हे सभासद म्हणून घेतले गेले. मंडळाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. लागवडीचे क्षेत्र आकुंचित करणे, पुरेसा कर बसविणे आणि बाळगण्याच्या प्रमाणावर मर्यादा घालणे हे उपाय मंडळाने सुचविले.

भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग किंवा चरस असे नोंदलेले होते. मंडळाने प्रत्येक प्रकरण उलगडून पाहिले तेव्हा केवळ ९८ प्रकरणांत त्या नोंदीला काही आधार सापडला, आणि त्यांतीलही ३७ प्रकरणांत दुसरी कारणे मिसळलेली होती. ही चूक वैद्यकशास्त्राची नव्हती. ती रकान्याची होती. छापील तक्त्यात 'कारण' असा रकाना असे, तो रिकामा ठेवण्याची सोय नसे, आणि रुग्णाला घेऊन येणारा पोलीस शिपाई सर्वांत सोपा शब्द तेथे लिहून मोकळा होई. पुढे तोच शब्द वार्षिक अहवालात आकडा बनून येई. एका शब्दाची नोंद पुराव्याचे रूप कसे धारण करते, याचा इतका पद्धतशीर उलगडा त्या काळच्या शासकीय वाङ्मयात विरळाच आढळेल.

तथापि मंडळाच्याही मर्यादा होत्या. साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर व प्रतिष्ठित नागरिक यांचा भरणा होता. प्रत्यक्ष चिलीम ओढणाऱ्याचा आवाज त्या मानाने क्षीण आहे. परवान्याची व्यवस्था ज्याच्यासाठी उभी होती तो गिऱ्हाईक त्या व्यवस्थेच्या दप्तरात तोळ्यांच्या रूपाने दिसतो, माणसाच्या रूपाने क्वचितच.

५

आता उपकरणाकडे वळू. 'चिलीम' हा शब्द फारसी-हिंदुस्थानी परंपरेतला. हुक्क्याच्या डोक्यावरील तंबाखूची वाटी हा त्याचा एक अर्थ. मराठीत चिलीम हुक्क्यापासून सुटून स्वतंत्र झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी धूमपानासाठी 'धूमनेत्र' नावाच्या नळीचे वर्णन आहे. परंतु मराठी चिलमीचा थेट वारसा त्या नळीशी जोडता येत नाही. तंबाखू हिंदुस्थानात रुजल्यानंतरच्या काळातील ती वस्तू आहे. तिचा परिवार मात्र अस्सल देशी शब्दांनी भरलेला आहे. चिलमीच्या तळाशी माल अडविण्यासाठी ठेवायचा तो खडा. तोंडाशी गुंडाळायचे ओले फडके ती छापी. छापीमुळे धूर गार होतो आणि राख तोंडात येत नाही. धूर सौम्य करण्याची जी खटपट आज विद्युत उपकरण करते, तिचे साधे रूप या ओल्या फडक्यात होते.

चिलीम कुंभाराच्या चाकावरून उतरे आणि पणत्या-बोळक्यांबरोबर विकली जाई. १८७८ चा कायदा तिच्या वाटेला गेला नाही. त्यामागे विचार होता तो असा की, तीच चिलीम तंबाखूलाही चालते. वस्तू निरुपद्रवी, माल तेवढा नियंत्रणयोग्य. कुंभारवाड्याला परवाना लागत नव्हता याचे कारण हेच.

६

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. येथेही १८७८ चाच भाषिक प्रकार घडला. कायद्याच्या नावात केवळ दारू. पोटात मात्र मादक औषधी द्रव्येही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा समावेश झाला. भारताने तो करार १९६४ मध्ये स्वीकारला आणि १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा अधिनियम केला. त्यातील व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. फुलोऱ्यावाचूनची पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. 'चरस' या शब्दात मात्र राळेबरोबरच तिचे घट्ट केलेले द्रव तेलही येते. परिणामी भांगेचे पान राज्यांच्या नियमनाखाली राहिले, आणि व्हेपोरायझरच्या नळकांडीतील राळेचे तेल, ते दिसायला काहीही असो, चरस ठरले.

यावर २०१९ च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायद्याने उपकरणाचाही प्रश्न निकालात काढला. निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारे कोणतेही विद्युत उपकरण बनविणे, आयात करणे, विकणे अगर पोचविणे हा गुन्हा ठरला. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या व्याख्येतून १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेले उत्पादन तेवढे वगळले आहे.

दुसरीकडे, त्याच १९४० च्या कायद्याखालील नियमांच्या अनुसूचीत भांग हे वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाचे आयुर्वेदीय द्रव्य म्हणून नोंदलेले आहे. त्या आधारे 'विजया' या संस्कृत नावाने पानांच्या अर्कापासून केलेली तेले परवानाधारक कारखान्यांत तयार होतात आणि वैद्याच्या चिठ्ठीवर घरपोचही मिळतात. दुखण्याने जर्जर झालेला रुग्ण जिभेखाली विजयेचे थेंब घेऊ शकतो. त्याच झाडाच्या अर्काची वाफ घेण्याचे यंत्र मात्र त्याला मागविता येत नाही. माल बंधनात आणि चिलीम मोकळी, ही १८७८ ची स्थिती होती. आता झाडाच्या एका भागाला घराची वाट मिळाली आणि उपकरणाची बंद झाली.

७

ऑन्टॅरिओतील उदाहरण येथे उपयोगी पडते. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात गांजा कायदेशीर झाला, तेव्हा त्या प्रांतात एकही परवान्याचे दुकान नव्हते. पहिले काही महिने कायदेशीर खरेदीचा एकमेव मार्ग घरपोच मागणीचा होता; दुकाने १ एप्रिल २०१९ पासून उघडली. वाफेची उत्पादने कायदेशीर झाली ती १७ ऑक्टोबर २०१९ रोजी. याच सुमारास अमेरिकेत फुप्फुसांच्या एका गंभीर विकाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. तपासात मुख्य संशय चोरट्या बाजारातील तेलात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर स्थिरावला. गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे हे पाहून कळत नाही. अहमदनगरचा गांजा हातात चुरून पारखता येत असे. नळकांडीतील तेलाची पारख प्रयोगशाळेवाचून होत नाही.

यावरून 'परवाना' या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कार्ये दडलेली आहेत असे दिसून येते. १८७८ चा परवाना महसूल गोळा करी आणि जागा नेमून देई. औषधाचा परवाना मालाच्या शुद्धतेची हमी देतो. घरपोच व्यवहारात तिसरे कार्य येते, ते म्हणजे माल घेणाऱ्याची ओळख आणि वय पटविणे. जे काम पूर्वी दुकानदार आणि पेठेचे डोळे करीत, ते आता दारात उभा असलेला माणूस कागद पाहून करतो. मराठीत 'पोच' म्हणजे माल मिळाल्याची कबुलीही. 'घरपोच' या शब्दात म्हणूनच दोन जबाबदाऱ्या आहेत, पोचविणाऱ्याची आणि पोच देणाऱ्याची.

कोणत्या पदार्थाला मुभा द्यावी हा निर्णय विधिमंडळांचा आणि वैद्यकाचा आहे. परंतु त्या निर्णयाची चर्चा करताना 'परवाना हवा' किंवा 'परवाना नको' असे म्हणणे अपुरे ठरते. महसुलाचा, शुद्धतेचा की ओळखीचा, हे आधी सांगितले पाहिजे. १८९२ च्या तक्त्यातील शिपायाने 'कारण' या रकान्यात हाताशी आलेला शब्द लिहिला आणि त्यापायी १२४ रुग्णांच्या आजाराची निराधार नोंद झाली. आजच्या चर्चेतही रिकामा रकाना तितक्याच सहजतेने भरला जाण्याचा संभव आहे, आणि त्याची किंमत पुन्हा रुग्णालाच मोजावी लागेल.