अर्थसंकल्पीय चर्चा, ब्रिटिश भारतातील
शासनाच्या वार्षिक जमाखर्चावर लोकप्रतिनिधींना मतप्रदर्शन करण्याचा अधिकार. भारताचा पहिला अर्थसंकल्प जेम्स विल्सन यांनी ७ एप्रिल १८६० रोजी मांडला. १८६१ च्या कायद्यानुसार कर बसविण्यासाठी विधेयक आणले, तरच विधिपरिषदेत वित्तविषयक चर्चा होई. १८८८ मध्ये मिठावरील कर मणी दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला, तो कार्यकारी आदेशाने. मीठ गरिबांनाही टाळता येत नसल्याने या वाढीचा भार मुख्यत्वे त्यांच्यावर पडला.

१८९२ च्या कायद्याने चर्चेची मुभा मिळाली. मतदानाची मात्र नव्हे. तिचा प्रभावी उपयोग गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. दुष्काळाने रयत गांजलेली असताना तिजोरीत शिल्लक पडणे, हे अवाजवी करआकारणीचे लक्षण होय, असे त्यांनी १९०२ च्या भाषणात आकडेवारीनिशी दाखविले. पुढे मिठावरील कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड व १९०७ मध्ये एक रुपयापर्यंत उतरला.

१९१९ च्या कायद्याने काही अनुदानांवर मतदानाचा हक्क मिळाला. तथापि १९२३ मध्ये मध्यवर्ती विधानसभेने नाकारलेली मीठकरातील दुपटीची वाढ व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी विशेषाधिकाराने अंमलात आणली. मीठकर १९४७ मध्ये रद्द झाला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसविता येणार नाही, हे तत्त्व १९५० च्या संविधानातील अनुच्छेद २६५ मध्ये नमूद आहे.