विळ्याच्या आकाराची रक्तपेशी आणि एका अक्षराचा शोध

१९०४ सालच्या अखेरीस शिकागो येथील एका रुग्णालयांत एक तरुण विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेंत आला होता. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच तेथील डॉक्टरांना कांहीं विलक्षण दिसलें. तांबड्या पेशी एरवीं वाटोळ्या असतात. येथें मात्र कित्येक पेशी लांबट, वांकड्या, विळ्याच्या पात्यासारख्या होत्या. डॉ. जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. परंतु या वक्रतेचें कारण त्यांना सांगतां आलें नाहीं. तें कारण अधिकाधिक खोल शोधीत गेल्यानें, माणसामाणसांतील आनुवंशिक भेद ओळखण्याची विद्या कशी वाढली, हें समजून घेण्यासारखें आहे.

पहिलें मोठें पाऊल १९४९ सालीं पडलें. लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं रक्ताला लाल रंग देणारें हीमोग्लोबिन विजेच्या प्रवाहांत ठेवलें. रोग्याचें हीमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनाहून निराळ्या वेगानें सरकत होतें. रोग्याच्या आईबापांसारख्या, स्वतः धडधाकट असलेल्या माणसांत दोन्ही प्रकारचें हीमोग्लोबिन मिळालें. आईकडून एक व बापाकडून एक अशीं दोन्ही सदोष जनुकें आलीं, तर हा रोग होतो. एकच आलें, तर मनुष्य केवळ वाहक ठरतो. पुढें व्हर्नन इन्ग्रम यांनीं केंब्रिज येथें १९५६-५७ मध्यें हीमोग्लोबिनाचे तुकडे करून तपासले. १४६ घटकांच्या एका साखळींत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलीन बसलें होतें. बाकी सारें जसेंच्या तसें!

एवढें घातक जनुक समाजांत टिकलें तरी कसें? १९५४ सालीं अँथनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील निरीक्षणांवरून दाखविलें कीं, वाहकांना हिंवतापापासून कांहींसें संरक्षण मिळतें. एकाच जनुकाचीं दोन वा अधिक रूपें एखाद्या समाजांत वारंवार, साधारणतः शेंकडा एक किंवा त्याहून अधिक प्रमाणांत आढळलीं, म्हणजे त्या स्थितीस बहुरूपता म्हणतात. बहुरूपता हें व्यंग नव्हे. अशा भेदांपैकीं बहुतेक निरुपद्रवी असतात. कांहीं एका ठिकाणीं तारक, तर दुसरीकडे मारक ठरतात.

तथापि एक व्यावहारिक अडचण राहिलीच. गर्भांतील मुलाला हा रोग होईल काय, हें जाणण्यास गर्भाचें रक्त काढावें लागे, आणि तें धोक्याचें होतें. डीएनए मात्र शरीराच्या बहुतेक सर्व पेशींत असतो; गर्भजलांतील पेशीही त्यास पुरतात. १९७५ सालीं एडविन सदर्न यांनीं डीएनएच्या असंख्य तुकड्यांतून हवा तो तुकडा हुडकण्याची रीत दिली. तिचा उपयोग करून सॅन फ्रान्सिस्को येथें कान व डोझी यांनीं १९७८ सालीं एक नवल उघड केलें. जंतूंपासून मिळणारें एक विकर सहा अक्षरांचा ठराविक क्रम आला कीं तेथेंच डीएनए कापतें. सामान्य जनुक असलेला तुकडा बहुधा ७,६०० अक्षरांचा निघे. सदोष जनुकाचा मात्र पुष्कळदां १३,००० अक्षरांचा. कापण्याची एक जागाच तेथें नाहींशी झाली होती.

ही जागा जनुकांत नव्हती. त्याच्या शेजारीं, सुमारें ५,००० अक्षरें पलीकडे होती. म्हणजे ही घराची खूण नव्हे, शेजारच्या झाडाची खूण. गांव बदललें कीं झाड बदलणार! १९८० सालीं याच संशोधकांना आढळलें कीं, हिंदुस्थानांतील सदोष जनुक लहान, ७,६०० अक्षरांच्या तुकड्याबरोबर चालतें. सॅन फ्रान्सिस्कोंतील खूण येथें उपयोगी पडणारी नव्हती. १९८२ सालीं खुद्द बदललेल्या अक्षरापाशींच कापणारें विकर वापरण्यांत आलें. तेथें ॲडेनीनच्या जागीं थायमीन आलेलें असतें. १९८५ सालीं डीएनएच्या थोडक्या अंशाच्या लक्षावधि प्रती करण्याची पीसीआर ही रीत प्रसिद्ध झाली, तीही याच रोगाच्या निदानासाठीं योजून. आतां शेजाऱ्याची साक्ष काढण्याचें कारण उरलें नाहीं.

परंतु खूण ओळखणें निराळें आणि माणूस ओळखणें निराळें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कांहीं राज्यांनीं तपासणी सक्तीची केली, आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारले गेल्याचीं उदाहरणें घडलीं. वाहक आणि रोगी यांतील भेद विज्ञानानें १९४९ सालींच स्पष्ट केला होता. व्यवहारानें तो मानला नाहीं. भारतांत हें जनुक १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत प्रथम नोंदलें गेलें. गडचिरोली, नंदुरबार या भागांतही तें आढळतें. १ जुलै २०२३ रोजीं देशव्यापी तपासणीची मोहीम सुरू झाली. तपासणीचा कागद हातीं पडलेल्या तरुण-तरुणींना त्याचा अर्थ नीट समजावून सांगणारा कोणी भेटला पाहिजे. नाहींतर एका अक्षराचा भेद लग्नाच्या बैठकींत कलंक ठरेल, आणि पाऊण शतकाच्या परिश्रमाचें फळ कडू होईल.