मिक्सरमधून निघालेला पुरावा

आनुवंशिक गुण डीएनएमधून उतरतात, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण १९५० च्या सुमारास बऱ्याच शास्त्रज्ञांचा कौल प्रथिनांकडे होता. प्रथिनांचे घटक वीस प्रकारचे, डीएनएचे अवघे चार. चार मुळाक्षरांत सजीवाचा एवढा मोठा ग्रंथ कसा मावणार? ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली डीएनएच्या बाजूने भक्कम पुरावा दिला होता. तरी नमुन्यात थोडे प्रथिन राहिले असेल, ही शंका काही जाईना.

मी मराठी माध्यमातला बी.ए. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही. पण १९५२ साली अमेरिकेत, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी केलेला प्रयोग मलाही समजतो, आणि म्हणूनच आवडतो.

त्यांनी जिवाणूंवर जगणारा एक विषाणू घेतला. बाहेर प्रथिनाचे कवच, आत डीएनए. प्रथिनात गंधक असते, फॉस्फरस नसतो. डीएनएमध्ये नेमके उलट. म्हणून विषाणूंच्या एका गटात किरणोत्सारी गंधक आणि दुसऱ्यात किरणोत्सारी फॉस्फरस मुरवला. म्हणजे दोघांवरही खूण झाली. विषाणू जिवाणूंना चिकटले, आतला ऐवज त्यांनी जिवाणूत सोडला. आता बाहेरची कवचे सोडवायची कशी? चक्क स्वयंपाकघरातल्यासारख्या मिक्सरमध्ये घुसळून! मग मिश्रण सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवले, तेव्हा जड जिवाणू तळाशी बसले. गंधक बहुतांशी वरच्या द्रवात राहिले, फॉस्फरस बहुतांशी तळाच्या जिवाणूंत सापडला. आणि त्याच जिवाणूंतून नवे विषाणू जन्मले.

गंमत म्हणजे ही विभागणी एव्हरींच्या नमुन्याइतकी स्वच्छ नव्हती. थोडे गंधक तळाशीही गेलेच होते. लेखकांनी निष्कर्षही जपूनच मांडला. पण तोवर काळ अनुकूल झाला होता, आणि लोकांना पटले. पुरावा खरा असून भागत नाही, तो ऐकायला कानही तयार लागतात. एव्हरी १९५५ साली वारले, त्यांना नोबेल मिळाले नाही.

हर्शींना १९६९ साली ते मिळाले, डेलब्रुक आणि लुरिया यांच्यासह. तो सन्मान एकट्या या प्रयोगाचा नव्हता, हे खरे. मार्था चेस मात्र त्यात नव्हत्या. प्रयोगाच्या वेळी त्या केवळ पदवीधर सहायक होत्या. २००३ साली त्या वारल्या.

पण मूळ शोधनिबंधावर हर्शींच्या शेजारी त्यांचे नाव छापले गेले होते. म्हणूनच आजही पाठ्यपुस्तकात हा प्रयोग 'हर्शी-चेस' या जोडनावाने येतो. मदतनिसाचे नाव वेळीच कागदावर आले, तर पुढचा इतिहास ते सहसा पुसू शकत नाही. आपल्या घरात, संस्थेत, शाळेत किती मार्था असतील, आणि त्यांची नावे कुठल्या कागदावर असतील?