गोल्फ क्लब फिटिंग : हौशी खेळाडूसाठी मोजमापांची ओळख

गोल्फमध्ये चेंडू टोलवण्याच्या काठीला ‘क्लब’ म्हणतात. खेळाडूची शरीरयष्टी, फटक्याचा वेग आणि फटका मारण्याची पद्धत यांचे मोजमाप घेऊन त्याला अनुरूप क्लब निवडणे किंवा हाती असलेल्या क्लबमध्ये आवश्यक ते फेरफार करणे, या प्रक्रियेला ‘क्लब फिटिंग’ अशी संज्ञा आहे. ही सोय केवळ व्यावसायिकांसाठी असल्याचा समज रूढ असला, तरी तिची गरज हौशी खेळाडूला अधिक भासते. दुकानातील तयार संच साधारणतः मध्यम उंचीच्या पुरुषाला गृहीत धरून बनवलेले असतात. असा संच अंगाला बसत नसेल, तर खेळाडू नकळत स्वतःचे अंगच त्याला बसवू लागतो. आखूड क्लबसाठी तो अधिक वाकतो, तर कोन चुकीचा असल्यास मनगट वळवतो. यातून जडणाऱ्या सवयी पुढे प्रशिक्षकालाही सहज मोडता येत नाहीत आणि पाठीवरचा ताणही वाढतो.

पार्श्वभूमी

क्लबची मोजमापे खेळाडूगणिक बदलावीत, या विचाराला व्यापक स्वरूप देण्यात नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी अभियंते कार्स्टन सोलहाइम यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी स्थापन केलेल्या ‘पिंग’ कंपनीने १९७०च्या दशकात क्लबच्या कोनानुसार रंगीत ठिपक्यांची पद्धत आणली. तीत काळा ठिपका हे प्रमाण मानले जाते. पुढे रडार आणि वेगवान कॅमेऱ्यांवर चालणारी ‘लाँच मॉनिटर’ ही यंत्रे आल्यावर अनुभवाच्या जोडीला आकडेही उपलब्ध झाले.

प्रमुख मोजमापे

लांबी : केवळ उंचीवरून लांबी ठरत नाही. खेळाडू सरळ उभा असताना मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले जाते. त्यामुळे सारख्याच उंचीच्या, पण हातांची लांबी भिन्न असलेल्या दोघांना वेगवेगळे क्लब लागू शकतात. लांब क्लबने वेग वाढतो; मात्र चेंडू क्लबच्या मध्यभागी लागण्याची खात्री कमी होते.

लाय : क्लबचा तळ जमिनीवर नीट टेकलेला असताना शाफ्ट, म्हणजे दांडा, जमिनीशी जो कोन करतो त्याला ‘लाय’ म्हणतात. चेंडूला लागताना क्लबचे बाहेरचे टोक वर राहिले, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो आणि टाच वर राहिली, तर उजवीकडे. सात क्रमांकाच्या आयर्नने मारलेल्या १३० मीटरच्या फटक्यात दोन अंशांच्या चुकीने चेंडू सुमारे तीन मीटर बाजूला पडू शकतो. खेळाडू मात्र दोष आपल्या फटक्याला देत राहतो.

लॉफ्ट : क्लबच्या पृष्ठभागाचा तिरकेपणा म्हणजे लॉफ्ट. चेंडू किती उंच व किती दूर जाईल, हे मुख्यतः त्यावर अवलंबून असते. अलीकडच्या आयर्नचे लॉफ्ट पूर्वीपेक्षा कमी असतात. त्यामुळे क्लबवरील क्रमांकापेक्षा प्रत्यक्ष अंश विचारणे श्रेयस्कर ठरते.

शाफ्ट : शाफ्टची लवचिकता एल, ए, आर, एस आणि एक्स या अक्षरांनी दर्शवतात. ड्रायव्हर फिरवण्याचा वेग ताशी सुमारे १३५ ते १५५ किलोमीटर असल्यास आर, तर त्याहून अधिक, १७० पर्यंत, असल्यास एस असा ढोबळ संकेत आहे. मात्र या अक्षरांना सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एससारखा भासू शकतो. महिलांनी एल आणि पुरुषांनी आर घ्यावा, ही विभागणीही वेगापुढे गौण ठरते.

ग्रिप : हातात धरण्याची मूठ फार बारीक असल्यास मनगटे गरजेपेक्षा अधिक वळतात आणि फार जाड असल्यास ती अडखळतात. ग्रिप बदलणे हा सर्वांत स्वस्त फेरफार होय.

प्रत्यक्ष प्रक्रिया

प्रथम खेळाडूने अंग मोकळे करून स्वतःच्याच क्लबने काही फटके मारावेत, अशी अपेक्षा असते. पुढील तुलनेचा तो पाया ठरतो. यंत्र क्लबचा व चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन आणि चेंडूची फिरकी नोंदवते. लाय तपासण्यासाठी क्लबच्या तळाला पट्टी चिकटवून कठीण फळीवरून फटके मारले जातात. पट्टीवरील खूण टाचेकडे उमटली, तर कोन अधिक उभा असल्याचे समजते. यानंतर एका वेळी एकच घटक बदलला जातो. अशा चाचणीत सर्वांत लांब गेलेल्या एकट्या फटक्याला महत्त्व नसते. अनेक चेंडू किती जवळजवळ पडतात, हे पाहून निर्णय घेतला जातो. चाचणीत नेहमीचाच फटका मारणे इष्ट. वेग दाखवण्यासाठी जोर लावल्यास गरजेपेक्षा ताठ शाफ्ट पदरी पडतो.

कोणी, केव्हा

नवख्या खेळाडूला लांबी, ग्रिप आणि शाफ्ट यांची प्राथमिक तपासणी पुरेशी असते. चेंडू सातत्याने लागू लागल्यावर सविस्तर फिटिंग करणे फायद्याचे ठरते. वाढत्या वयात किंवा दुखापतीनंतर वेग घटल्यास फेरतपासणी योग्य. मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देण्याची प्रथा मात्र हानिकारक आहे, कारण कापलेला शाफ्ट अधिक ताठ होतो आणि क्लबचे डोके मुलांसाठी जडच राहते.

मर्यादा

फिटिंग हे प्रशिक्षणाला पर्याय नाही. ते चुकीच्या फटक्याचा परिणाम सौम्य करू शकते, फटका सुधारू शकत नाही. एकाच कंपनीच्या केंद्रात तुलना त्या कंपनीच्या उत्पादनांपुरतीच राहते. नियमांनुसार फेरीत कमाल १४ क्लब बाळगता येतात आणि पटर वगळता कोणताही क्लब ४८ इंचांहून लांब असू शकत नाही.

नवा संच घेणे हाच प्रत्येक वेळी उपाय नसतो. ग्रिप बदलता येते, लांबी थोडी कमी-जास्त करता येते आणि घडीव पोलादाच्या आयर्नचा लाय काही अंशांनी वळवता येतो; ओतीव आयर्नमध्ये ही मुभा कमी असते. म्हणून फिटिंगनंतर आपली सर्व मोजमापे लेखी मागून घ्यावीत. हा कागद जवळ असल्यास वापरलेला, कमी किमतीचा संचही पारखून घेता येतो.