सोंगटीपासून मोटारीपर्यंत

श्रोतेहो, एखादा गडी काम अर्धे टाकून पळाला, की आपण सहज म्हणतो, "त्याने पोबारा केला." हा शब्द आला कुठून? तर सारीपाटातून. तीन लांबट फाशांपैकी दोहोंवर सहा-सहा आणि तिसऱ्यावर एक पडला, की ते दान पोबारा. सोंगटी १३ घरे पुढे धावायची. पट पुष्कळ घरांतून गेला; पण दान पडणे, फासे उलटणे, डाव साधणे हे शब्द मात्र आपल्या तोंडी तसेच राहिले आहेत.

सारीपाट ही मुळात शर्यतच. पटाला चार पाखे. प्रत्येक पाख्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरे. चारी पाखे मिळून ९६. चार रंगांच्या १६ सोंगट्या पटाला फेरा घालून मधल्या घरात न्यायच्या. फाशांऐवजी कवड्या टाकून खेळला, तर तो पचिशीचा डाव. २५ च्या दानावरून हे नाव पडले. अकबराच्या दरबारी अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त याच जातीच्या चौपडीचे वर्णन करून ठेवले आहे.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. चौघे खेळत, तेव्हा समोरासमोरचे दोघे भिडू असत. आपल्या चारही सोंगट्या घरी पोचल्या, म्हणून जिंकलो असे होत नसे. भिडूच्या पोचेपर्यंत डाव चालूच. एकट्याने पुढे पळून भागत नसे.

पुढे हा खेळ साहेबाच्या देशात गेला. तिथे १८९६ साली त्याचे सोपे रूप 'लुडो' या नावाने पेटंट झाले. कवड्या गेल्या, सहा बाजूंचा ठोकळा आला. भिडूही गेला, आणि ज्याचा-त्याचा डाव सुरू झाला. आपलीच सोंगटी इंग्रजी नाव घेऊन दुकानात परत आली, आणि आपण ती पैसे देऊन घेतली! २०१६ साली नवी मुंबईतल्या एका कंपनीने तोच लुडो मोबाईलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांतून आजी आणि नातू तो खेळत बसले होते.

आता मोटारीकडे वळू. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दोपर्यंत आणि परत अशी मोटारींची शर्यत झाली. जगात जी शर्यत निघते, ती मागोमाग पोरांच्या खेळात उतरते. आपल्याकडे नाही का, माळावरची बैलगाडी शर्यत अंगणात काठ्यांची होते? १९७४ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'ग्रॅन ट्रॅक १०' हा यंत्रावरचा खेळ काढला. त्याला खरे चाक, गिअर आणि पायाखाली ब्रेक होते. १९८२ साली जपानमध्ये 'पोल पोझिशन' आला. या खेळांत फासा उरला नाही. हात आणि डोळा एवढेच उरले.

पण फासा संपला असे मात्र समजू नका. १९९१ साली फ्रान्समधून 'फॉर्म्युला दे' हा पटावरचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक गिअरचा फासा निराळा. पहिल्या गिअरला १ किंवा २ पडणार. सहाव्याला २१ ते ३०. वळण आले, की ठरलेल्या वेळा तिथे थांबावेच लागते. मोठ्या दानाचा मोह धरला, तर गाडी वळणाबाहेर जाते! म्हणजे दान दैवाचे. पण कोणता फासा उचलायचा, ती अक्कल आपली.

पडद्यावरची ही विद्या निव्वळ पोरखेळ आहे, असेही म्हणता येत नाही. जॅन मार्डेनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली पडद्यावरच्या शर्यतीतून निवडला गेला आणि २०१३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या खऱ्या शर्यतीत उतरला. आपल्या कोल्हापुरातही कार्टिंगचा ट्रॅक असून राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, मुलाच्या हातात मोबाईलवरची मोटार दिसली, की लगेच रागावू नका. हात स्थिर ठेवणे तो त्यातून शिकेल. पण दान वाईट पडले तरी चेहरा न पाडणे, आणि आपण पोचल्यावर मागे राहिलेल्यासाठी थांबणे, हे त्याला पटावरच शिकायला मिळेल. सारीपाटाचे नियम गावोगाव वेगळे. कुठल्या घरात सोंगटी मारायची नाही, कोणत्या दानावर ती बसते, हे पुष्कळ ठिकाणी कागदावर नाही, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसे गेली, की नियमही गेले.

म्हणून एवढेच करा. येत्या रविवारी मुलांना घरच्या आजीआजोबांकडे पाठवा, त्यांच्या गावचे नियम वहीत उतरवून आणायला सांगा, आणि सोमवारी शाळेच्या फरशीवर खडूने पट आखा. कवड्या नसल्या, तर चिंचोके फोडून घ्या. मग बघा, मधल्या सुट्टीतून कोणी पोबारा करतो का!