जयगडच्या खाडीवर

मालगुंडला केशवसुतांच्या घरी जायचे, असे आम्ही मित्र कितीतरी वर्षे नुसते बोलत होतो. रमजान ईद झाल्यावर एकदाचा योग जुळला. १८६६ साली कवी जिथे जन्मला ते कौलारू घर पाहिले, १९९४ साली उभारलेल्या स्मारकात फिरलो, शिलांवर कोरलेल्या कविता वाचल्या. दुपार शिल्लक होती. इतके आलोच आहोत तर जयगड पाहून जाऊ, असे ठरले आणि गाडी उत्तरेला वळवली.

शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या दक्षिण तीरावर, उंच कड्यावर हा किल्ला उभा आहे. जमिनीकडच्या बाजूला खोल खंदक, खाली पाण्यालगत आणखी एक तट. दरवाजातून आत शिरताना आमच्यातल्या एकाच्या भाच्याने विचारले, "मामू, हा किल्ला आपला की त्यांचा?"

कॉलेजात शिकणारे पोर. विचारताना त्याच्या मनात काही वाकडे नव्हते. पण आम्ही सगळे गप्प झालो. 'आपला' आणि 'त्यांचा' हे दोन कप्पे त्याच्या हाती आम्हीच कधीतरी दिले असणार. शाळेने दिले, वर्तमानपत्रांनी दिले, आणि घरातल्या गप्पांतून आम्हीही दिले.

मग बुरजावर बसून, जे काही वाचलेले होते ते त्याच्यापुढे मांडत गेलो. हा किल्ला सोळाव्या शतकात विजापूरच्या आदिलशाहीने बांधला. म्हणजे आपला? थांब. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. खाडीतून संगमेश्वराकडे चढणारा माल याच तटाखालून जायचा, तेव्हा हे नाके ज्याच्या हाती त्याची चंगळ. पदरी सहा-सातशे माणसे बाळगून नाईक इतका माजला की त्याच्यावर १५८३ साली आणि पुन्हा १५८५ साली स्वारी झाली, असे जुन्या रत्नागिरी गॅझेटियरात नोंदले आहे. स्वारी कोणाची? विजापूरकर आणि पोर्तुगीज यांची, दोघांची मिळून! बादशाह मुसलमान, दोस्त ख्रिस्ती, शत्रू हिंदू. आणि नाईक दोन्ही वेळा पुरून उरला.

त्या वेळी विजापूरच्या तख्तावर दुसरा इब्राहीम आदिलशाह होता, वयाने अजून पोरच. हाच इब्राहीम मोठेपणी 'किताब-ए-नौरस' लिहितो आणि त्यात सरस्वतीला, गणपतीला वंदन करतो. जयगडच्या तटाच्या आतही गणपतीचे देऊळ आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्ही एका दमात सांगितल्यावर भाचा हसला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला मराठ्यांकडे आला. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाशी झालेल्या तहात कान्होजी आंग्र्यांना दहा किल्ले मिळाले, त्यांत जयगड होता. आत त्यांच्या वाड्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर गेले आहे. कान्होजींचा किताब 'सरखेल', तो शब्द फारसी. त्यांच्या आधी शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात मायनाक भंडारी आणि हा दौलतखान एका बाजूला, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दुसऱ्या बाजूला. आणि कान्होजींच्या मुलाचे, तुळाजीचे, आरमार कोणी बुडवले? पेशवे आणि इंग्रज यांनी हातमिळवणी करून. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आंग्र्यांची गलबते जळाली. त्या धामधुमीत जयगडही आंग्र्यांचा राहिला नाही. १८१८ च्या जूनमध्ये इंग्रज इथे आले तेव्हा कोणी बंदूकही उचलली नाही.

"म्हणजे कोणाचाच नाही?" भाचा म्हणाला.

आम्ही त्याला खंदक दाखवला. हा शब्द अरबीतला. मदिनेच्या वेशीवर हजरत सलमान फारसींच्या सल्ल्याने खोदला गेला तो खंदकच, आणि इथल्या मराठी माणसालाही त्याला दुसरे नाव सुचत नाही. बसलो होतो तो बुरूज. कुरआनात या नावाची सूरह आहे, हे त्याला ठाऊक होते, पण ते दोन बुरूज त्याने कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. बंदर, दर्या, नाखवा म्हणजे नाखुदा. शब्द किल्ल्यावर राहून गेले आहेत. ते उच्चारणारी माणसे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाहीत. किल्ल्यात जयबाचे स्मारक आहे. तट उभा राहीना म्हणून त्याने स्वतःचा बळी देऊ केला आणि त्याच्या नावावरून जयगड, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, निदान एका साध्या माणसाचे नाव इथे टिकले.

असरच्या वेळी खाली साखर मोहल्ल्यात उतरलो. नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका वृद्ध खलाशाशी बोलणे निघाले. समोर खाडीत मालवाहू जहाज उभे होते, मागे वीजप्रकल्पाची चिमणी. आम्ही किल्ला पाहून आलो म्हटल्यावर ते म्हणाले, "किल्ल्यावर कोण होते ते आम्हाला शाळेत शिकवले. गलबतावर कोण होते ते कोणी सांगितले नाही. माझा आजा गलबतावर होता, त्याचा बापही."

आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो. आमच्यापैकी तिघांचे आजे दर्यावर्दी, आणि त्यांच्याविषयी चार ओळी लिहिता येतील इतकेही आम्हाला ठाऊक नाही. आदिलशाहीवर मात्र तासभर बोललो होतो.

पलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोट धक्क्याला लागत होती. भाच्याने मोबाईल काढला आणि विचारले, "गलबताचे नाव काय होते, चाचा?"

"दोन होती," ते म्हणाले. एकाचे नाव त्यांनी सांगितले. दुसऱ्याचे बहिणीला विचारावे लागेल, म्हणाले, तिला अजून सगळे आठवते. ती मागच्याच घरात राहते, असे कळल्यावर भाचा उठला. फेरीबोट आमच्याविना गेली.