आधी साठवण, मग कारंजे



रत्नागिरीकरांपुढे धबधब्यावर बोलायला उभे राहणे म्हणजे समुद्रकाठच्या माणसाला मिठाची महती सांगण्यासारखे आहे. मृगाची झड बसली की निवळीचा कडा पांढरा होतो, मार्लेश्वरच्या डोंगरात धारेश्वर गर्जू लागतो. निसर्गाने फुकट दिलेले हे वैभव पाहत आपण लहानाचे मोठे झालो. पण वैशाखात तेच कडे कोरडे पडतात आणि आमच्या कितीएक वाड्यांत हंड्यांची रांग लागते. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस आणि तरी ही गत! म्हणून आज मी देवाने घडवलेल्या धबधब्यांविषयी न बोलता माणसाने बांधलेल्या धबधब्यांविषयी व कारंजांविषयी बोलणार आहे. ती बांधणारे लोक पाण्याशी कसे वागले, हे त्यातून कळते.

पहिले उदाहरण नळदुर्गाचे. धाराशिव जिल्ह्यातील या किल्ल्यात बोरी नदीवर भक्कम दगडी बंधारा आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली तो पुरा झाला. त्या काळी आमची दाभोळ-राजापूरची बंदरेही याच आदिलशाहीच्या अमलात होती. बंधाऱ्याची उंची सुमारे नव्वद फूट. त्याच्या पोटातच 'पाणीमहाल' बांधलेला आहे. पावसाळ्यात जलाशय भरला की जादा पाणी मुद्दाम ठेवलेल्या वाटांनी खाली कोसळते. लोकांनी त्या धारांना 'नर' आणि 'मादी' अशी नावे दिली आहेत. महालातल्या सज्जात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा उभा राहतो.

आता यातली खुबी पाहा. भरलेल्या बंधाऱ्याला सांडवा हा हवाच; पाण्याला वाट दिली नाही तर ते बंधाराच घेऊन जाईल. कारागिराने त्या गरजेच्याच वस्तूला शोभा आणली. नळदुर्गाचा धबधबा वाहू लागला याचा अर्थ इतकाच की, गडाची साठवण पुरी झाली, आता उरलेले पाणी खेळायला मोकळे आहे.

दुसरे उदाहरण पाणचक्कीचे. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर आणून शहराला पाणी दिले. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याशी पाणचक्की उभी राहिली. दूरच्या उगमापासून खापराच्या नळांनी आलेले पाणी तेथे एका उंच भिंतीत चढते आणि वरून धारेने हौदात पडते. पाणी वर कसे चढते? उगम भिंतीच्या माथ्याहून उंच आहे, म्हणून. बंद नळातले पाणी आपली मूळची पातळी गाठू पाहते. या कामाला ना बैल लागतो, ना यंत्र. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यातल्या माणसांसाठी पीठ दळले जाई. समोरच्या हौदात कारंजीही आहेत. एकाच पाण्याने दळण केले, तहान भागवली आणि डोळेही निववले.

तिसरे उदाहरण पुण्याचे; त्याच्याशी आपले नाते अधिक जवळचे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथून शहरापर्यंत दगडी नळ आणला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. त्यांतून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढायला माणसालाही उतरता येई. शहरात हौदाहौदांतून हे पाणी लोकांना मिळू लागले. त्यानंतरचे ते शनिवारवाड्यातले हजारी कारंजे! सवाई माधवरावांच्या बालपणी ते झाले असे सांगतात. आणि त्या वेळी कारभार पाहणारे नाना फडणीस मूळचे आपल्याच जिल्ह्यातल्या वेळासचे. कारंजे कमळाच्या आकाराचे. नाव हजारी असले तरी तोट्या १९७ सांगितल्या जातात.

एवढ्या तोट्या एकदम उडवणे सोपे नव्हे. सगळ्या तोंडांना मिळून जेवढे पाणी लागेल त्याहून अधिक मुख्य नळाने पुरवले पाहिजे. नाही तर जवळच्या तोट्या उडतात आणि लांबच्या नुसत्या पाझरतात. शिवाय नळातल्या घर्षणाने जोर खर्ची पडतो, म्हणून उडालेली धार हौदाच्या पातळीइतकी कधीच चढत नाही. तेव्हा कारंज्याची खरी कारागिरी कमळात नसून मागच्या हौदात आणि नळाच्या उतारात असते. कात्रजचा तलाव नसता तर ते कमळ कोरडेच राहिले असते.

याच्या उलट गोष्ट फ्रान्सची. चौदाव्या लुईने व्हर्साय येथे अफाट बाग केली आणि असंख्य कारंजी मांडली. पण जागेला पाणी नव्हते. १६८४ साली सीन नदीवर चौदा प्रचंड चाकांचे यंत्र बसवून पाणी पाचशे फूट वर चढवले, तरीही ते पुरेना. शेवटी राजा जिकडे फिरेल तिकडची कारंजी शिटीच्या इशाऱ्याने चालू करायची आणि तो पुढे गेला की बंद करायची, अशी व्यवस्था ठेवावी लागली. तिकडे शोभा आधी मांडली आणि पाणी मागाहून शोधले.

आता आपल्याकडे वळू. आमच्या आगरांत रहाटाचे पाणी पन्हळीतून पाटात पडते आणि पोफळीच्या आळ्याआळ्यांत फिरते. पाण्याचा थेंब वाया न घालवण्याची विद्या कोकणाला नवी नाही. अडचण आहे ती जांभ्याच्या सड्यांची. ते पाणी भराभर पितात आणि डोंगराच्या कुशीतून सोडून देतात. उरलेले वहाळांनी समुद्रास मिळते. म्हणून बंधारे, तळी, विहिरी यांची निगा हे आमच्या गावचे पहिले काम. हल्ली बागेत, चौकात कारंजे उभारण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाही. गाव सुंदर असावे. पण कारंज्याचे उद्घाटन करायला जो येईल त्याला एवढेच विचारा की, याच्या मागचा हौद कोणता, आणि वैशाखात त्यात पाणी किती असते? समाधानकारक उत्तर मिळाले तर खुशाल टाळ्या वाजवा.